वेणूबाईंचा अंगठा आणि नागावची धामण

वेणूबाई रेवदंड्याच्या बाजारात बसायच्या तेव्हा निम्मं गिऱ्हाईक मासे घ्यायला यायचं आणि निम्मं त्यांचा अंगठा बघायला. शिंगाळा असो, रावस असो, त्या मासा डाव्या तळहातावर उताणा घ्यायच्या, उजवा अंगठा पोटावरून शेपटीकडे एकदाच उतरवायच्या आणि निकाल द्यायच्या. "गाभोळी हाय." नाहीतर, "न्हाय, नुसती चरबी. कालवणाला ने." माशाच्या पोटातली अंडी, म्हणजे ही गाभोळी, आमच्या किनाऱ्यावर तळून खातात आणि तिच्यासाठी शहाणीसुरती माणसंही रांगेत भांडतात. मी इतकी वर्षं त्यांचा गिऱ्हाईक. मासा चिरल्यावर त्यांचा निकाल फिरलेला मी पाहिला नाही.

पण आमची पहिली ओळख बाजारातली नव्हे. तेव्हा माझ्या तोंडाला रंग होता आणि डोक्यावर माझे स्वतःचे केस होते. आमची नाटक कंपनी अलिबागपासून मुरूडपर्यंत गावोगाव फिरत असे. रेवदंड्याला उघड्या मांडवात प्रयोग होता. दुसऱ्या अंकात नायिकेला सातवा महिना, म्हणून तिच्या पोटाला उशी बांधलेली. मी नवरा. मी तिचा हात धरून एक लांबलचक हळवं भाषण सुरू केलं, मांडव अगदी शांत झाला, आणि पुढच्या घोंगडीवरून एक बाई शेजारणीला म्हणाली, "उशी हाय गो. चालते बघ कशी, कंबर सुटलेली हाय." सगळा मांडव हसला. नायिका हसली. मीही पाठ फिरवून हसून घेतलं, कारण बाई म्हणत होती ते खरंच होतं. प्रयोग संपल्यावर ती आत आली, नायिकेला पाठीला हात लावून चालायला शिकवलं आणि जाताना मला म्हणाली, "मास्तर, तुमी रडलात चांगले." त्या वेणूबाई. पुढच्या गावी आमची नायिका अशी चालली की दोन बायकांनी तिला बसायला पाट दिला.

कंपनी मोडली आणि मी चौलला एका वाडीत भाड्याने राहायला आलो, तेव्हा कुंपणापलीकडे वेणूबाईंचं घर निघालं. बुधाजी, त्यांचे यजमान, तोवर गेले होते. मुलगा विनेश होडीवर. सून कल्पिता कुठल्याशा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली आणि साप पकडणारी. लग्न ठरताना हे सांगितलं होतं की नव्हतं यावर अजून त्या घरात दोन मतं आहेत. वनखात्याच्या परवानगीने तिने मागच्या पडवीत जखमी सापांसाठी एक खोली केली होती. काचेच्या पेट्या, वर जाळीची झाकणं, दाराला कुलूप. साप बरा झाला की खात्याची जीप यायची आणि त्याला रानात सोडायची. ठेवून घ्यायची मुभा नाही.

वेणूबाई सुरुवातीला त्या दाराकडे पाठ करून बसायच्या. साप हा शब्दही उच्चारायच्या नाहीत, 'जनावर' म्हणायच्या. मग गुडघे गेले. पाटी डोक्यावर घेऊन चौल-नागाव पायी फिरलेली बाई, तिला बाजारातल्या ओट्यावरूनही उठवेना. ओटा भाचीला दिला. घरात बसून बसून त्या भांडकुदळ झाल्या, तशी कल्पिताने युक्ती केली. "आई, मला पाणी बदलायला मदत कर," म्हणाली. पंधरवडा गेला नसेल, वेणूबाई पेटीपुढे स्टूल टाकून बसायला लागल्या. "मास्तर, ही सगळी गिऱ्हाइकं हाईत," मला म्हणाल्या, "फक्त घासाघीस करत न्हाईत."

तर या बाईला मादी आणि अंडी हा विषय दिसल्यावर काय होणार. पहिल्याच महिन्यात त्यांनी एका नागाला डोहाळे लागल्याचं जाहीर केलं. तो खाऊन सुस्त पडलेला, पोट फुगलेलं. वेणूबाईंनी त्याला अंधार केला, शेजारी भांडी घासू दिली नाहीत, शेजारच्या येसूबाईला कुंपणावरून बातमीही दिली. मग प्राण्यांच्या डॉक्टर अमिषा अलिबागहून आल्या. त्यांनी शेपूट पाहिलं. नराची शेपटी मुळाशी जाड आणि लांब असते, मादीची लगेच निमुळती होते, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, "आजी, हा बाप्या आहे. दोन उंदीर एकदम खाल्लेत." येसूबाई अजून कधीमधी विचारते, "वेणू, तो तुझा नाग सुखरूप सुटला ना गो?"

हे हसण्यावारी गेलं. दुसरं गेलं नाही.

एक दिवड आली होती, पाण्यातला बिनविषारी साप, जाळ्यात गुंतून दमलेली. पोट भरलेलं दिसत होतं. कल्पिता बाहेर गेलेली. वेणूबाईंनी जन्मभर जे केलं तेच केलं. दिवड हातात घेतली आणि पोटावरून अंगठा उतरवला. "गाभोळी हाय," असं त्यांनी संध्याकाळी अभिमानाने सांगितलं. निकाल बरोबर होता. पण मेलेल्या माशाला दुखत नाही. सापाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं मऊ असतं, आणि पोटात असताना तर अगदीच कोवळं. एक अंडं आत फुटलं. दिवड आठवड्याभरात गेली. डॉक्टरांनी कारण न लपवता सांगितलं, आवाज न चढवता. कल्पिताने फक्त खोलीची चावी खुंटीवरून काढली आणि आपल्या कमरेच्या जुडग्यात अडकवली.

त्या बोलाचालीशिवाय झालेल्या निकालाने वेणूबाई खचल्या. मी भेटायला गेलो तर ओसरीवर अंगठा मुठीत धरून बसलेल्या.

"मास्तर, याच्यावर पोरगा वाढवला. आता हा कापून टाकू काय?"

"त्याची गरज नाही," मी म्हटलं. "उशीला कुठे अंगठा लावला होता तुम्ही?"

"कंची उशी?"

मी आठवण दिली. मांडव, दुसरा अंक, माझं भाषण. वेणूबाई बराच वेळ हसल्या. "ती तर चालत होती," म्हणाल्या. "ही चालत न्हाईत."

"सरपटतात की."

मी एवढंच बोललो. बाकी सगळं त्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी सुनेकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मना आत बसू दे. हात पदरात बांधून बसते." आणि खरोखर, पहिले काही दिवस उजवा हात पदरात गुंडाळून त्या स्टुलावर बसल्या. चावी कल्पिताकडेच. ती कुलूप काढणार, सासूला बसवणार, निघताना उठवणार. शाळेतल्या पोरासारखं. वेणूबाईंनी तेही चालवून घेतलं.

अशात नागावहून ती धामण आली. तिथे एका घरगुती पाहुणघराच्या मागे भाजीचा वाफा होता, कोंबड्यांपासून राखायला त्याला जुनं मासेमारीचं जाळं बांधलेलं. धामण उंदरामागे घुसली आणि नायलॉन तिच्या अंगात रुतलं, शेपटीच्या थोडं वर. मोठी, पिवळसर तपकिरी, हाताच्या मनगटाएवढी जाड. डॉक्टर अमिषांनी टाके घातले. जखम भरत आली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मादी आहे. हंगामही आहे. अंडी असली तर सोडायची घाई करू नका. टाक्याची जागा नेमकी वाटेवर आहे. अंडं अडकलं तर मी हाताशी असायला हवी. नसली तर खुशाल सोडा."

असली तर, नसली तर. एवढाच प्रश्न. आणि तो वेणूबाईंपुढे येऊन बसला.

त्यांनी काय पाहिलं ते मला रोज संध्याकाळी कळायचं. आधी धामणीने खाणं सोडलं. "त्यावरनं काय न्हाय," वेणूबाई स्वतःच म्हणाल्या, "रुसलेलं जनावरबी खात न्हाय." मग अंगाचा मागचा भाग जड दिसायला लागला, आणि तिथल्या खवल्यांमधून खालची कातडी दिसू लागली, घट्ट झालेल्या पोलक्याच्या शिवणीसारखी. "ह्याच्यावरबी न्हाय. नागानं मना शिकवलंय." मग धामण वेटोळं घालायची सोडून लांब पसरायला लागली, आणि पोटाची बाजू दिव्याच्या उबेकडे अर्धवट वळवून पडायला लागली. इथे वेणूबाई थांबल्या. स्टूल जरा पुढे घेतलं.

"मास्तर, असं कोण झोपतं सांगा? कुशीवर, जड बाजू सांभाळून?"

पुढे तिचे डोळे दुधी झाले. कात टाकायच्या आधी तसे होतातच, पण अंडी घालणारी मादी घालायच्या काही दिवस आधी एकदा कात टाकते, हे कल्पिताने त्यांना सांगितलेलं. कात पडली, अखंड. वेणूबाईंनी ती उचलून उन्हाकडे धरली, मागच्या भागात ती ताणलेली होती. कल्पिताने पेटीत ओल्या काथ्याने भरलेला एक डबा ठेवला, वरून भोक पाडलेला. असली तर यात घालेल. धामणीने डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

शनिवारी खात्याची जीप आली. वनरक्षक प्रणय हा नागावचाच मुलगा, त्याच्या आईने जन्मभर वेणूबाईंकडून मासे घेतलेले. त्याला वर डोंगरात एक अजगर सोडायचा होता, आणि जाता जाता धामणही.

"बरी झाली ना? मग द्या," तो म्हणाला. "पाहुणघराचा मालक परत घेणार नाही. पोहण्याच्या तलावाशेजारी धामण बघितली तर पाहुणे रात्रीतच पुण्याला पोचतील."

"अंडी हाईत," वेणूबाई म्हणाल्या.

प्रणयने कल्पिताकडे पाहिलं. कल्पिताने जमिनीकडे.

"मावशी, नागालापण होती."

"तो बाप्या होता. मना माहीत हाय तो बाप्या होता. सगळ्या गावाला माहीत हाय. ही बाई हाय आणि हिला अंडी हाईत."

"असली तरी काय झालं? जंगलात बाळंतपणं होत नाहीत का?"

"होतात. आपल्या जागेत होतात. तुजी आई तुज्या वेळी गोणीत बसून, जीपमधून, अनोळखी डोंगरावर गेली होती काय? आणि पोटाला टाके घातलेली?"

प्रणय हसला, पण वळून सापपिशवी काढायला लागला. त्याचंही बरोबर होतं. बरा झालेला साप कोणी ठेवून घेतो म्हटलं की वर त्याला उत्तर द्यावं लागतं. कल्पिताने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर तळा गावी चुलतभावाच्या लग्नात. फोन उचलला गेला, पण पलीकडून नुसता बँड ऐकू येत होता. "हॅलो, धामण," कल्पिता ओरडत होती, "डॉक्टर, धामण," आणि बँडवाला काही थांबेना. फोन तुटला. पुन्हा लावला, पुन्हा बँड.

तेव्हा कल्पिताने ते केलं. तिच्यावर माझा राग नाही. तिच्या जागी मीही केलं असतं. प्रणय पिशवी झटकून उलटी करत होता, वेळ नव्हता. ती सासूच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "आई, नुसता हात लाव. दाबू नको. अगदी हलका. तू एकदा छातीठोकपणे सांगितलंस तर मी याच्याशी भांडते."

मी दारात उभा होतो. मला वेणूबाईंचा उजवा हात दिसत होता. तो पदरातून बाहेर आला होता. पंचवीस-तीस वर्षं ज्या बोटांनी बाजार गाजवला, ती बोटं. आयुष्यात कितीतरी वेळा मी विंगेत उभा राहून पाहिलंय, समोर हशा मिळणार हे माहीत असलेलं वाक्य नट ओठावर आलेलं असताना गिळतो, कारण पुढचा प्रवेश बिघडेल. तसा तो हात होता. त्या हाताने एकदा सांगितलं असतं तर नागाची गंमत विसरली गेली असती, मान परत आला असता, चावी परत आली असती.

"न्हाय," वेणूबाई म्हणाल्या.

"आई, अगं—"

"न्हाय म्हंते ना. बघून सांगितलंय. बघून जेवढं कळलं तेवढंच सांगणार. न्यायची तर नेऊ दे त्याला."

आणि हात परत पदरात.

प्रणय म्हणाला, "मावशी, माझ्या आईने कधी बघून म्हावरं घेतलं नाही. तुम्ही दाबून सांगायचात आणि ती पैसे द्यायची."

"मेलेल्या म्हावऱ्याचा विचार करायला लागत न्हाय," वेणूबाई म्हणाल्या. "हिचा करायला लागतो."

त्याने वाकून पेटीतल्या धामणीकडे पाहिलं. मग त्याने पिशवीची घडी घातली. "अजगर सोडून येतो. बुधवारी परत फेरी आहे. बुधवारपर्यंत काही झालं नाही, तर मी नेणार, आणि पिशवीचं तोंड तुम्ही धरायचं."

"धरते," वेणूबाई म्हणाल्या.

पुढचे दिवस आमच्या आळीने फार सोसलं. वेणूबाईंनी विनेशला मोटरसायकल अंगणात सुरू करू दिली नाही. ढकलत रस्त्यापर्यंत न्यायची. नारळ सोलणारा गडी दुपारी लांबच्या टोकाला हलवला. सापाला आवाज ऐकू येतो तो जमिनीतून, असं कल्पिताने सांगितल्यापासून वेणूबाई स्वतःच्या घरात पावलं मोजल्यासारख्या टाकत होत्या. मला संध्याकाळी जुनी पदं मोठ्याने म्हणायची सवय, तीही बंद.

येसूबाई कुंपणाशी यायचीच. "काय गो वेणू, बाळंतिणीला डिंकाचे लाडू करू का?"

"कर. पण आणून दे. तिकडंच खाऊ नको."

रविवार गेला. सोमवारी धामण उठली आणि पेटीभर फिरायला लागली. कोपऱ्यात तोंड घालायची, झाकणाला टेकवायची, परत फिरायची. डब्याच्या भोकात डोकं घालायची आणि बाहेर. वेणूबाई जेवायच्या राहिल्या. मी गेलो तर मला स्टूल दिलं नाही, खाली बसायला लावलं, तेही सावकाश.

"जागा शोधते," त्या पुटपुटल्या. मग बऱ्याच वेळाने, "नाहीतर पळायला बघते. तेबी असंल."

असं बोलताना त्यांचा चेहरा मी पाहिला. ज्या बाईने कधी 'नाहीतर' हा शब्द वापरला नव्हता, तिला आता दोन्ही बाजू दिसत होत्या आणि त्यामुळे झोप नव्हती.

मंगळवारी सकाळी धामण डब्यात गेली ती बाहेर आली नाही. दुपार झाली. कल्पिता येऊन बघायची, जायची. विनेश होडीवरून आला तो हातात चपला घेऊन आत आला. चारच्या सुमारास डब्यातला काथ्या हलला, थांबला, हलला. कल्पिताने वरचं झाकण बोटभर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. आत पांढरं होतं. एक, आणि त्याला चिकटलेलं दुसरं, आणि धामणीचं अंग हळूहळू आकसत तिसऱ्याला वाट देत होतं. अंधार पडेपर्यंत ते चाललं. टाक्याच्या जागेपाशी एकदा ती फार वेळ थांबली. वेणूबाईंनी तेव्हा स्वतःच श्वास रोखून धरला, आणि तिचं अंग हललं तेव्हा सोडला. डॉक्टर अमिषा तोवर कल्पिताचा निरोप मिळून तळ्याहून, लग्नानंतरच्या पूजेची पैठणी तशीच, येऊन पोचल्या होत्या. त्यांना काही करावं लागलं नाही. त्यांनी तिथेच बसून चहा घेतला.

नंतर एकच घोटाळा झाला असता. अंडी ओल्या काथ्याने मळलेली, एकमेकांना चिकटलेली. वेणूबाई उठल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"आई, काय करतेस?"

"धुते ना. अशी घाण ठेवतात?"

"गाभोळी नाही ती. धुवायची नाही, सुटी करायची नाही, उलटी करायची नाही. आहेत तशी ठेवायची." कल्पिताने पेन्सिलीने प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला हलकी खूण केली, हलवताना खालीवर होऊ नये म्हणून. वेणूबाई तांब्या धरून बघत राहिल्या, मग ते पाणी स्वतःच प्यायल्या.

बुधवारी प्रणय आला. पिशवी त्याने जीपमध्येच ठेवली होती, हे मी पाहिलं. तो आत गेला, वाकून पाहिलं, आणि बाहेर येऊन आईला फोन लावला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण दुपारी त्याच्या आईकडून नारळाच्या वड्यांचा डबा आला. धामणीची कातडी आता अंगावर सैल पडलेली, सुरकुतलेली, आणि ती भुकेने पेटीच्या काचेवर डोकं आपटत होती. आठवड्याभराने, दोन उंदीर खाऊन, ती गेली. नेताना वेणूबाईंनी सांगितलं की डोंगर नको, नागावच्या मागची ओढ्याकाठची जागा बरी, तिथलीच आहे ती. प्रणयने ऐकलं.

अंडी अजून डब्यात आहेत. फुटतील तेव्हा फुटतील.

परवा मी त्यांच्याकडे बसलो होतो. विनेशच्या ओळखीचा एक गडी गोणी घेऊन आला, आत मांडूळ, जेसीबीखाली येता येता वाचलेलं. कल्पिता तेव्हा भाकऱ्या थापत होती. तिने पिठाच्या हाताने कमरेचं जुडगं काढलं, त्यातली एक चावी सासूच्या मांडीवर टाकली, आणि चुलीकडून मान न वळवता म्हणाली, "आई, बघ गो जरा."

वेणूबाई उठल्या. गुडघ्यांनी आवाज केला. कुलूप काढलं, मांडूळ काथ्या पसरलेल्या रिकाम्या पेटीत सोडलं, स्टूल ओढून समोर बसल्या. तो गडी दारात उभा. गावात बातम्या पसरतात. त्यालाही माहीत होतं कोणापुढे आलोय ते.

"काकी, मादी हाय का? पोटात पिल्लं हाईत का? मांडुळाला पिल्लंच होतात म्हंतात, अंडी न्हाईत."

"व्हय," वेणूबाई म्हणाल्या. "तेवढं खरं हाय."

"मग हिला हाईत का?"

वेणूबाई मांडुळाकडे बघत होत्या. ते काथ्यात तोंड खुपसून, मागचा भाग तेवढा बाहेर ठेवून पडलं होतं.

"आज काय सांगत न्हाय," त्या म्हणाल्या. "चार दिस बसू दे मना ह्याच्यापाशी."

गडी जरा हिरमुसला. मी त्याला ओसरीवर बसवलं आणि चहा यायचा होता तोवर आमच्या कंपनीची एक गोष्ट सांगितली. अर्थातच, हळू आवाजात.